डब्यातली शेवटची पट्टी

काळ्यातही डावं-उजवं असतं हे लोकांना सांगून पटत नाही. काळा म्हणजे काळा, त्यात काय बघायचंय, असं म्हणून ते मोकळे होतात. पण छत्रीचा काळा उन्हात चमकतो, बुटाच्या काळ्यात आपलं तोंड दिसतं, आणि शाळेतला फळा नीट पाहिला तर चक्क करडा असतो. मिस्त्री ज्या काळ्याचं काम करायचे त्याची जातच वेगळी होती. त्याच्यावर हजार भाग उजेड टाकला तर दोन भाग परत यायचे, बाकीचा गेला तो गेलाच. चुरगळलेल्या पत्र्याला हा लेप दिला की चुरगळा दिसेनासा व्हायचा आणि पत्र्याच्या जागी नुसतं भोक पडल्यासारखं वाटायचं. पाहुणे आले की हमखास त्या भोकात बोट घालायला जायचे, आणि मिस्त्री हमखास त्यांच्या मनगटावर चापट मारायचे. साहेब कितीही मोठा असो, चापट चुकायची नाही.

कारण लेप नाजूक होता. दिसायला मखमल, पण बोट टेकलं की तिथे दबायचा आणि दबलेली जागा चमकायला लागायची. ती पुसता येत नाही, डागडुजी करता येत नाही. सगळा लेप खरवडायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. दुर्बिणी आणि कॅमेरे यांच्या आतल्या भिंतींना हा लेप लागतो, कारण अंधूक काहीतरी बघायचं असेल तर आजूबाजूचा फालतू उजेड आत शिरून काचेपर्यंत पोचता कामा नये. तो मधेच गिळला गेला पाहिजे. मिस्त्री गेली एकतीस वर्षं तो गिळायची सोय करत होते.

मोजणीच्या खोलीत बसणारी बाई त्यांची मुलगी होती. कारखान्यात तिला सगळे मोजणीबाईच म्हणत. घरी ती वडिलांना बाबा म्हणायची, अरे-तुरे करायची. कारखान्याच्या दारातून आत आलं की बाबाचा मिस्त्री व्हायचा आणि तूचं तुम्ही. हे त्यांनीच पहिल्या दिवशी ठरवून टाकलं होतं, आणि तेही उलटून तिला "घ्या बाई, मोजा" म्हणत. दोघांनी हे बारा वर्षं इतक्या इमानाने पाळलं की नव्या माणसांना ती बापलेक आहेत हे कळायला सहा महिने लागायचे.

ती आठ वर्षांची असताना शाळेला सुट्टी म्हणून एकदा त्यांच्याबरोबर कारखान्यात आली होती. सारखी हात लावू का, हात लावू का करत होती. शेवटी त्यांनी एक लहानशी पट्टी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, लाव, एकदाच लाव, म्हणजे आयुष्यभराची खाज मिटेल. तिने बोट लावलं. काळ्यात तिच्या बोटाचा चमकता ठिपका उठला. तिने फ्रॉकने पुसायला पाहिलं तर ठिपक्याचा ओरखडा झाला. ती रडली, पण त्यानंतर तिने कधी लेपाला हात लावला नाही.

आता प्रश्न असा की, ज्या जॉबला, म्हणजे लेप दिलेल्या वस्तूला, हात लावायचा नाही तो तपासायचा कसा? त्यासाठी पट्टी. दोन बोटं रुंद, ॲल्युमिनियमची, वरच्या टोकाला भोक. जॉबच्या शेजारी अशा दोन पट्ट्या टांगायच्या. फवाऱ्याच्या गनने जॉबवर लेपाचे जितके हात मारायचे तितकेच पट्ट्यांवर मारायचे, भट्टीत जॉबबरोबरच त्यांना वाळवायचं. मग एक पट्टी मोजणीला जाते आणि दुसरी मिस्त्रींकडे राहते, पुढेमागे लागली तर. पट्टी पास झाली की जॉब पास. पट्टी ही साक्षीदार. तिने खरं सांगायचं आणि सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवायचा, असा हा कारभार होता.

मिस्त्रींच्या पट्ट्या नापास होत नसत. मॅनेजरसाहेबांनी मधे यंत्राचा हात आणायची टूम काढली होती, तेव्हा मिस्त्री म्हणाले होते की आणा, मलाही चहा आणून द्यायला कुणीतरी हवंच आहे. यंत्र आलं, सपाट पत्रे बरे रंगवू लागलं, पण खोल आणि अडचणीच्या जागेत त्याचं काही चालेना. अडचणीची कामं मिस्त्रींकडेच राहिली. त्यांची निवृत्ती सात आठवड्यांवर आली होती आणि नळीचं काम त्यांचं शेवटचं होतं.

नळी कमरेइतकी उंच होती, आतून एकाखाली एक अकरा कडी. आकाशात सोडायच्या एका दुर्बिणीचा तो गळा होता. ज्या संस्थेने ती बनवली होती तिथले इंजिनिअर त्या दिवशी नळी न्यायला स्वतः आले होते. उंच, वाकलेले, चष्म्याला दोरी लावलेली. नळीजवळ उभे राहून ते मोजणीबाईला म्हणाले की बारा वर्षं झाली या कामाला, पहिला कागद काढला तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. आणि आता वर गेली की कुणाचा हात पोचायचा नाही. हे ते हसत म्हणाले, पण त्यांचे डोळे नळीवरून हलत नव्हते.

मिस्त्रींनी पट्टी आणून दिली. कडेने धरलेली, पांढऱ्या कागदावर ठेवलेली. "घ्या बाई," म्हणाले आणि लगेच वळून गेले.

यंत्राने आकडा दिला. हजारात दोन, त्याहून जरा कमीच. इंजिनिअरांचा चेहरा उजळला. मॅनेजरसाहेब म्हणाले, आमचे मिस्त्री म्हणजे काय विचारू नका. खरं तर इथेच सही करून ती मोकळी झाली असती, नेहमी होतच असे. पण नियमाप्रमाणे पट्टी भिंगाखाली बघायची असते, आणि इंजिनिअर शेजारी उभे होते. परक्या माणसासमोर नियम जरा जास्तच पाळले जातात. तिने पट्टी भिंगाखाली सरकवली.

डाव्या खालच्या कोपऱ्यात, लेपाच्या आत, एक धागा होता. केसाहून बारीक, एक वेढा घेऊन टोकाशी परत वळलेला.

हा धागा ती ओळखत होती. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीतल्या तिच्या पहिल्या थंडीत, ती लोकरीचा स्वेटर घालून लेपाच्या खोलीत शिरली होती आणि ओल्या पट्टीवर त्याची लोकर पडली होती. मिस्त्रींनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. तेव्हा नव्याची हौस म्हणून ती दोन्ही पट्ट्या मोजायची आणि दिसेल ते वहीत काढून ठेवायची. हा वेढा तिने स्वतःच्या हाताने पेन्सिलीने काढला होता. ती दुसरी पट्टी होती, मिस्त्रींकडे राहिलेली.

भिंग साफ करायला हवं, अहवालाला दोनेक तास लागतील, असं ती म्हणाली. मॅनेजरसाहेब इंजिनिअरांना चहाला घेऊन गेले. ते गेल्यावर तिने आधी दार लावलं आणि मग पट्टी उलटी केली.

मागच्या बाजूला नंबर कोरायची पद्धत होती. इथे जुना नंबर कानशीने घासून काढला होता आणि त्यावर नळीचा नंबर नव्याने कोरला होता. कोरणाऱ्याचा हात थरथरला होता. सातचा आकडा तीन वेळा गिरवलेला होता.

तिने कपाटातला खण ओढला आणि गेल्या दोन वर्षांतल्या मिस्त्रींच्या पट्ट्या काढून एकेक उलटी केली. पाच जॉब, पाच पट्ट्या. पाचही पाठी घासलेल्या. पाचही अहवालांवर तिची सही. एकदाही तिने पट्टी उलटून पाहिली नव्हती, भिंगाखालीही घातली नव्हती. बाकी सगळ्यांच्या पट्ट्या ती उलटसुलट करून बघायची, पण बाबाची पट्टी तपासायची म्हणजे घरी त्याचे खिसे तपासण्यासारखं झालं असतं. तिला स्वतःचीच चीड आली.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि आठवायला लागल्यावर थांबेना. दोन वर्षं बाबा अर्धाच कप चहा घेत होता. पित्त होतं म्हणायचा, आणि आई बिचारी मुकाट्याने अर्धा कप भरायची. पेपर हातात धरून वाचायचा ते सोडून टेबलावर पसरून वाचू लागला होता. बटणांचे सदरे कपाटात पडून होते, डोक्यातून घालायचे तेवढे वापरात होते. वय झालं की माणूस सुटसुटीत होतो, असं ती आईला म्हणाली होती. मोजणीबाई म्हणे. घरात समोर बसलेला माणूस तिला मोजता आला नाही.

तरीही मनात एक आशा होती. कदाचित नळी चांगली असेल. कदाचित फक्त पट्टी बिघडली असेल आणि घाबरून त्याने बदलली असेल. ती अंधाऱ्या खोलीत गेली. नळी तिथेच स्टँडवर उभी होती. साध्या उजेडात आत पाहिलं तर काळोख, एकसारखा, तळ नसलेला. या लेपाची हीच गंमत आहे आणि हाच घात. जाड असो की विरळ, उघड्या डोळ्याला सगळा सारखाच काळा दिसतो. तिने खोलीतला दिवा घालवला, तपासणीचा दिवा लावला आणि तो कडेने, तिरपा, आत सोडला.

तेव्हा सगळं दिसलं. पहिल्या कड्यापासून शेवटच्या कड्यापर्यंत भिंतीवर करड्या लाटा होत्या. बारीक, दाट, एकीला लागून एक. गन धरलेला हात जिथे जिथे थरथरला तिथे तिथे लेप विरळ पडला होता. वर थोड्या होत्या, खाली जिथे हात लांबवावा लागतो तिथे नुसत्या लाटाच लाटा. बाबाने दोन वर्षं सगळ्यांपासून लपवलेलं नळीने नीट मांडून ठेवलं होतं. ती बघत राहिली.

दार उघडून मिस्त्री आत आले आणि त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं.

"दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय."

"मी अजून पाहिलेलं नाही. सरक जरा."

ती सरकली. कारखान्यात बारा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा तू म्हटलं होतं. ते नळीवर वाकले. दिवा त्यांनी हातात घेतला नाही, तिच्याच हातात राहू दिला. बराच वेळ पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांची किती कामं अशी वाकून पाहिली असतील आणि किती जणांना घाम फोडला असेल.

"वाईट आहे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं एखादा हात जास्त मारला की भरून निघेल."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. दोन वर्षांपूर्वी उजवा हात सुरू झाला, नंतर डावाही. डॉक्टरांकडे ते घरी न सांगता जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, हे मागे जाणारं दुखणं नाही. त्यानंतरच्या पहिल्या जॉबची पट्टी त्यांनी स्वतःच मोजणीबाईच्या जेवणाच्या सुट्टीत चोरून मोजली, तर हजारात नऊ. बिस्किटांच्या डब्यात जुन्या जास्तीच्या पट्ट्या होत्या. म्हटलं एवढ्या वेळेला. मग दुसऱ्या वेळेला. मग पाहिलं तर डब्यात त्या मापाच्या चार चांगल्या पट्ट्या उरलेल्या आणि निवृत्तीपर्यंत चार जॉब. त्यांना वाटलं, जुळतंय.

"ही शेवटची," ते म्हणाले. "डबा रिकामा झाला. तू सही कर. नळी आज जाईल, सात आठवड्यांनी मी जाईन. कुणाला कळणार आहे?"

"त्यांना कळेल, बाबा."

"वर जाऊन कोण बघतंय?"

"कुणीच बघणार नाही, तेच तर. तारे दिसायचे तिथे धुकं दिसेल. मग ते शोधत बसतील आपलं काय चुकलं. काच तपासतील, गणितं तपासतील, बारा वर्षांचं स्वतःचं काम उकरून काढतील. आणि तुझी पट्टी बघून म्हणतील, लेप तर उत्तम आहे."

ते नळीवरून सरळ झाले.

"पाचांवर तुझी सही आहे," ते मग म्हणाले.

"आहे."

"तुलाही काढतील."

"काढतील." तिने पट्टी कागदावर ठेवली. "ही शेवटी का ठेवलीस?"

"तुझी लोकर होती तिच्यात. द्यावीशी वाटेना. मग दुसरी उरलीच नाही."

तिला हे नको होतं. त्याने दमदाटी केली असती, रडला असता, तरी तिने तोंड दिलं असतं. हे ऐकल्यावर तिचा धीर सुटला. ती म्हणाली की खोटं मी लिहिणार नाही, पण तुझ्याविरुद्ध लिहायलाही हात उचलत नाहीये माझा, तूच सांग मी काय करू. आणि खरंच तिला कळत नव्हतं. बाहेर तो चष्म्याला दोरी लावलेला माणूस चहा पीत बसला होता. इथे बाबा होता, सात आठवड्यांवर निरोप समारंभ आणि भिंतीवर मानाने लागायचा फोटो. तिच्या हातात फक्त एक पेन होतं.

मिस्त्रींनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात नळीची खरी पट्टी होती. ती त्यांनी तिच्यापुढे ठेवली. मग जुनी पट्टी उचलली. तिला वाटलं, आता ते ती खिशात घालणार, जपून घरी नेणार. त्यांनी ती डाव्या हाताने कडेला धरली, दिव्याखाली आणली आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर टेकवला.

"बाबा, नको."

त्यांनी अंगठा वरपासून खालपर्यंत ओढला, धाग्याच्या कोपऱ्यावरून सुद्धा. अकरा वर्षं कुणाचं बोट न लागलेल्या काळ्यात चमकती रेघ उठली. पण ती सरळ रेघ नव्हती. नळीत होत्या तशाच बारीक लाटा, एकीला लागून एक.

"आता ही कुणाला दाखवता येणार नाही," ते म्हणाले. "खरी मोज आणि लिही."

तिने मोजली. हजारात चौदा. तिने आकडा लिहिला, त्यापुढे नापास लिहिलं आणि सही केली. खाली लेप देणाऱ्याची सही असते. मिस्त्रींनी पेन मुठीत धरून ती केली. ओळ सोडून खाली घसरली, पण त्यांनी ती पूर्ण केली. मग पाच जुन्या पट्ट्या त्यांनी स्वतःच एका कागदावर उलट्या मांडल्या आणि तो कागद घेऊन तिच्या पुढे चालू लागले.

इंजिनिअर ओरडले नाहीत. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा सोडला, तो दोरीवर लोंबत राहिला. नव्याने लेप द्यायला किती दिवस लागतील, एवढंच त्यांनी विचारलं. त्या नळीत गन घालणारा दुसरा माणूस कारखान्यात नव्हता. मॅनेजरसाहेबांनी मागच्या पाच जॉबची यादी मागवली. तीन परत मागवता येण्यासारखे होते. दोन वर गेलेले होते. यादीतल्या त्या दोन ओळींवर मिस्त्रींनी बोट ठेवलं. मिस्त्रींना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं, आणि मोजणीबाईला चौकशी होईपर्यंत घरी बसा असं. निरोपाचा विषय कुणी काढला नाही. लेपाच्या खोलीतली माणसं हातातलं काम बघत राहिली. त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी मिस्त्रींनी मनगटावर चापट मारली होती.

दोघं चालतच घरी आली. बाबाच्या काखेत बिस्किटांचा डबा होता, आणि आत अंगठा ओढलेली ती एकच पट्टी इकडून तिकडे आपटत होती. रस्ता ओलांडताना त्याने तिचं कोपर धरलं, आणि थरथर तिच्या खांद्यापर्यंत आली.

आज लवकर कशी, असं म्हणत आईने चहा टाकला. बाबाच्या कपात सवयीने अर्धाच ओतला आणि किटली खाली ठेवायला वळली.

"पूर्ण भर," बाबा म्हणाला.

"पित्त होईल."

"मला पित्त नाहीये. भर तू."

आईने मुलीकडे पाहिलं, मग कप भरला. बाबाने तो दोन्ही हातांनी उचलला. चहा बशीत सांडला, टेबलावर सांडला, सदऱ्यावर सांडला. ओठापर्यंत कप पोचला तेव्हा निम्माच राहिला होता. आईचा हात फडक्याकडे गेला.

"राहू दे, आई," मुलगी म्हणाली.

आई तशीच उभी राहिली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातांकडे बघत राहिली. बाबाने उरलेला चहा पिऊन कप खाली ठेवला. हात मात्र त्याने टेबलाखाली नेले नाहीत.